टाकलेल्या वस्तूची साक्ष

नामपल्लीच्या मैदानावर दरवर्षी १ जानेवारीपासून १५ फेब्रुवारीपर्यंत भरणारी ‘नुमाइश’ हैदराबादकरांच्या अंगवळणी पडली आहे. १९३८ साली हे प्रदर्शन प्रथम बाग-ए-आममध्ये भरले आणि १९४६ पासून ते सध्याच्या जागी भरू लागले. त्याच्या झगमगाटाविषयी आजवर पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांस मात्र प्रदर्शन उठून गेल्यानंतरचे मैदान अधिक बोलके वाटते. पाट्या उतरलेल्या असतात, बांबूंच्या मोळ्या बांधल्या जात असतात आणि जमिनीवर पुठ्ठे, सुतळ्या, फुटक्या बरण्या व फाटक्या कापडांचा थर पसरलेला असतो. पाठीवर पोते घेतलेली माणसे त्या थरातून वाकून चालत असतात. काल ज्या वस्तूपुढे गर्दी लोटली होती, तिचे वेष्टन आज त्या पोत्यात जाते.

या पोत्यातील माल अलीकडे कलेच्या दालनातही शिरला आहे. भंगारातून उभारलेले पुतळे शहराशहरांच्या चौकांत दिसतात, आणि पिंपे व डबे बडवून केलेले वादन रंगमंचावर ऐकू येते. अशा कृतींचे कौतुक पुष्कळ होते. परीक्षण मात्र क्वचितच होते, कारण कचऱ्याचा उपयोग झाला एवढ्यावरच आपण संतुष्ट होतो. पण चांगला हेतू आणि चांगली कलाकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दगडाच्या मूर्तीला आपण जे प्रश्न विचारतो, ते पत्र्याच्या मूर्तीला विचारू नयेत असा नियम कोणी केलेला नाही.

आमचा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे कसोटी शोधताना आमची नजर प्रथम न्यायालयाकडेच वळते. नामपल्लीतच फौजदारी न्यायालये आहेत आणि तेथे येणाऱ्या मुद्देमालाशी आमचा नित्याचा संबंध. एखादा गंजका चाकू, फाटका सदरा, काच फुटलेले घड्याळ अशा या वस्तू. बाजारात त्यांना कोणी दोन रुपये देणार नाही. परंतु पंचनाम्यात त्यांची नोंद होते, पंचांच्या सहीची चिठ्ठी त्यांना लागते आणि त्या बोलू लागतात. चाकूला न्यायालयात किंमत येते ती त्याच्या धारेमुळे नव्हे. तो कोठे सापडला, कोणाच्या हातून आला, त्यावर कशाचा डाग आहे, यामुळे येते. तोच चाकू कोणी उत्साहाने घासूनपुसून लखलखीत केला, तर वस्तू शिल्लक राहील, पण पुरावा नाहीसा होईल.

मालकीचा विचार केला तरी हेच दिसते. मालकाने मालकी सोडण्याच्या हेतूने टाकलेली वस्तू जो प्रथम उचलील त्याची होते, हे जुने रोमन तत्त्व आहे. टाकण्याच्या त्या क्षणी वस्तू निव्वळ बेवारस होत नाही, ती मुकीही होते. तिने कोणाच्या घरी काय काम केले हे सांगणारे कोणी उरत नाही. टाकलेल्या वस्तूतून निर्माण होणाऱ्या कलेचे खरे कार्य तिला वाचा देणे हे होय, असे आमचे मत आहे. वस्तूचे पूर्वायुष्य पुसून तिला नटवणे हे सजावटीचे काम झाले.

या कसोटीवर आपल्या शाळांतील ‘टाकाऊपासून टिकाऊ’ ही स्पर्धा टिकत नाही, हे खेदाने म्हणावे लागते. पुष्कळ घरांत स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी पालक दुकानात जातात. कोऱ्या आइस्क्रीमच्या काड्या, कोऱ्या स्ट्रॉ आणि चमकीची पुडी विकत आणतात. टाकाऊचे सोंग घेतलेल्या या नव्या मालातून झोपडी तयार होते, बक्षीस मिळवते आणि आठवड्याने कचऱ्यात जाते. म्हणजे टिकाऊपासून टाकाऊ! मुलांचा यात दोष नाही. वस्तू कोठून आली हा प्रश्न आपण त्यांना विचारायला शिकवला नाही, हा दोष आपला आहे.

याच शहरातील दुसरे उदाहरण मात्र तोलून पाहण्यासारखे आहे. बहादूरपुऱ्यात के. सुधाकर यांचे ‘सुधा कार्स’ हे संग्रहालय २०१० पासून लोकांसाठी खुले आहे. बूट, बॅट, पेला अशा आकारांच्या मोटारी त्यांनी भंगारातील सुटे भाग वापरून तयार केल्या, आणि त्या खरोखर चालतात. २००५ साली त्यांनी बांधलेल्या प्रचंड तिचाकी सायकलची गिनेसच्या विक्रमांत नोंद झाली. हे यंत्रकौशल्य असामान्य आहे आणि मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद हे त्याचे उघड प्रशस्तिपत्र आहे. तथापि रंगाच्या झिलईखाली भंगार दिसेनासे होते. एखादा भाग पूर्वी कोणत्या गाडीत होता, ती कोणत्या रस्त्यांवरून धावली, याचा मागमूस पाहणाऱ्याला लागत नाही. म्हणून आम्ही त्यांना थोर कारागीर व विनोदाचा धनी म्हणू. परंतु येथे भंगार हे साहित्य आहे, साक्षीदार नाही.

साक्षीदार पाहायचा तर चंदीगडला जावे लागते. नवे शहर वसवण्यासाठी तेथील जुनी खेडी उठवण्यात आली. सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ते निरीक्षक नेक चंद यांनी त्या पाडापाडीतील अवशेष उचलण्यास १९५७ च्या सुमारास आरंभ केला. फुटक्या बांगड्या, चिनी मातीची तुटकी भांडी, फरशांचे तुकडे, सायकलींचे सांगाडे हे सर्व ते सुखना सरोवराजवळच्या जंगलात नेत आणि नोकरीची वेळ संपल्यावर त्यातून माणसे, पक्षी व जनावरे घडवीत. त्या जमिनीवर बांधकामास मनाई होती. म्हणजे कायद्याने पाहता संपूर्ण निर्मिती बेकायदा होती. प्रशासनाला ती पाडून टाकण्याचा पूर्ण अधिकार होता. तसे झाले नाही. १९७६ मध्ये हे उद्यान लोकांसाठी खुले झाले आणि १९८४ मध्ये नेक चंदांना पद्मश्री मिळाली. कायद्याने कधी कधी आपला हात आखडता घ्यावा, हे आम्ही वकील असूनही येथे आनंदाने मान्य करतो.

मोठेपण मात्र या कथेत नसून त्या आकृतींत आहे. बांगड्यांच्या तुकड्यांनी मढवलेली स्त्री पाहताना ते तुकडे बांगड्यांचेच आहेत हे क्षणभरही विसरता येत नाही. कोणाच्या तरी मनगटावर त्या किणकिणल्या होत्या. सरळ रेषांच्या, आखीव शहराच्या कडेला त्याच शहराने मोडलेल्या घरांचे तुकडे रांगेने उभे आहेत. कोणतीही घोषणा न करता ते फिर्याद मांडतात.

प्रयोगकलेत हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण तेथे वस्तूबरोबर माणूसही मंचावर येतो. मुंबईत अ‍ॅकॉर्न फाउंडेशनच्या ‘धारावी प्रोजेक्ट’मधून ‘धारावी रॉक्स’ हे वादकांचे पथक उभे राहिले. कचरा वेचणाऱ्या कुटुंबांतील मुलांनी प्लास्टिकची पिंपे, रंगाचे डबे आणि बाटल्या यांवर ताल धरला. असे वादन सुरू होण्यापूर्वी निवेदक वादकांच्या दारिद्र्याचे वर्णन करू लागला, म्हणजे आम्ही अस्वस्थ होतो. श्रोत्याची दया जागी झाली की त्याचा कान झोपी जातो. पिंपाचा खर्ज आणि डब्याचा कोरडा ठणका यांत जो संवाद घडतो, तो लक्षपूर्वक ऐकणे आणि लय घसरली तर घसरली म्हणणे, हाच त्या मुलांचा खरा मान आहे.

दयेच्या पलीकडे जाता येते, याचा दाखला त्रिनिदादने दिला आहे. तेथे ब्रिटिश अंमलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ढोलांवर निर्बंध घातले. लोकांनी बांबू आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे आले आणि शेवटी तेलाची रिकामी पिंपे. पिंपाचा तळ ठोकून खोलगट करावा, त्यावर स्वरांच्या जागा आखाव्यात आणि प्रत्येक जागा हातोडीने सुरात आणावी, अशी विद्याच तेथे निर्माण झाली. १९५१ साली त्यांचे पथक लंडनमध्ये वाजवून आले आणि १९९२ मध्ये स्टीलपॅन हे त्या देशाचे राष्ट्रीय वाद्य ठरले. आज ते ऐकताना कोणी कीव करीत नाही. ते सुरात आहे की नाही एवढेच पाहतो.

यावर कोणी आक्षेप घेईल की, कलाकृतीचे मोल तिच्या रूपात असते, तिच्या मालाच्या जन्मकुंडलीत नव्हे. संगमरवराची खाण कोणती हे आपण विचारतो का? आक्षेप वजनदार आहे. परंतु संगमरवर वापरणारा ‘ही खाणीची कला’ अशी पाटी लावीत नाही. जो कलावंत टाकाऊपणाचे श्रेय मागतो, त्याने टाकण्याचा हिशेबही दिला पाहिजे. आपल्या समाजात तर तो हिशेब वस्तूंपाशी थांबत नाही. कचरा ज्यांच्या हातून जातो त्या हातांनाही आपण पिढ्यान्‌पिढ्या उंबरठ्याबाहेर ठेवले. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, ती या हातांना कामगाराची प्रतिष्ठा मिळावी म्हणून. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ‘कचरावेचक’ या शब्दाची व्याख्या केली. दालनातील पत्र्याचा मोर मात्र अजून कलावंताच्या एकट्याच्याच नावाने उभा असतो. वस्तू धुऊन आत घ्यावी आणि ती वेचणारा बाहेरच राहावा, हे सोवळे आता कलेतही चालू आहे.

वास्तविक ही दृष्टी आपल्याला परकी नाही. गोधडी पाहावी. आजीच्या लुगड्याचा काठ, वडिलांच्या धोतराचा तुकडा, मोठ्या बहिणीचे आखूड झालेले परकर तीत धावदोऱ्याने एकत्र येतात आणि पांघरणारे मूल बोट ठेवून हे कोणाचे, ते कोणाचे असे विचारते. गोधडी शिवणारीने आपल्या कामाला कला म्हटले नाही. पण एकाही तुकड्याचे मूळ तिने लपवले नाही, आणि थंडीही अडवली.

पुढच्या फेब्रुवारीत नुमाइश उठेल तेव्हा नामपल्लीच्या मैदानावर पोती पुन्हा भरू लागतील. त्यांतील काही माल फिरत फिरत एखाद्या कलादालनात पोहोचेलही. तेथे त्याच्यापुढे उभे राहताना वाचकांनी एवढेच करावे: किती सुंदर, असे म्हणण्यापूर्वी हे कोठून आले व कोणी उचलले, हे विचारावे. ज्या कृतीपाशी उत्तर असेल तिची साक्ष आम्ही ग्राह्य धरू. जिच्यापाशी ते नसेल, तिला शोभेच्या वस्तूंत बसवण्यास आमची हरकत नाही.