भयपटातील क्रूस आणि पीडित मनुष्य

भयपटांची चर्चा धर्मशास्त्रीय नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. सैतान, भूतबाधा, पवित्र पाणी आणि क्रूस यांविषयी आपल्या मंडळीतील तरुणांच्या मनात आज जी चित्रे आहेत, त्यांतील पुष्कळशी व्यासपीठावरून आलेली नसून पडद्यावरून आलेली आहेत. घरातील कोणी विचित्र वागू लागले, म्हणजे पाळकाने किंवा धर्मशिक्षकाने काय करावे, याविषयीच्या अपेक्षाही कित्येकदा तेथूनच येतात. अशा वेळी हे चित्रपट पाहू नका एवढे सांगून आपले कर्तव्य संपत नाही. त्यांत ग्राह्य काय व घातक काय, हे आपणांस सांगता आले पाहिजे.

त्यासाठी एखादे माप हवे, आणि ते मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात सापडते. गरसेकरांच्या प्रदेशातील तो मनुष्य कबरांत राहतो, साखळ्या तोडतो, रात्रंदिवस ओरडत स्वतःला दगडांनी ठेचून घेतो. भयपटाला लागणारी सर्व सामग्री येथे आहे. परंतु लोक भ्याले ते त्यास वस्त्र नेसून शुद्धीवर बसलेला पाहिल्यावर, असे मार्क सांगतो. त्यानंतर प्रभू त्यास स्वतःच्या घरी, स्वतःच्या माणसांकडे पाठवतो. शुभवर्तमानाचे लक्ष आरंभापासून अखेरपर्यंत त्या मनुष्यावर आहे. म्हणून चित्रपट सैतानाला किती भयंकर दाखवतो, यापेक्षा तो पीडिताला काय समजतो, हे पाहणे अधिक उपयुक्त होय.

जुन्या चित्रपटांपासून आरंभ करू. ब्रॅम स्टोकर यांच्या 1897 सालच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ यांनी 1922 साली ‘नोस्फेरातू’ हा मूकपट काढला. कादंबरीचे हक्क घेतलेले नव्हते, म्हणून स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. सुदैवाने काही प्रती वाचल्या. त्या रक्तपिपासू उमरावाचा अंत क्रूस उगारून होत नाही. निर्मळ अंतःकरणाची एक स्त्री स्वेच्छेने त्याला कोंबडा आरवेपर्यंत आपल्यापाशी रोखून धरील, तरच त्याचा नाश होईल, असे एलेन वाचते आणि तसेच करते. सूर्योदय होतो, तो नाहीसा होतो, आणि तीही प्राणास मुकते. रॉबर्ट एगर्स यांनी 2024 साली हीच कथा पुन्हा पडद्यावर आणली, तेव्हा पुष्कळ काही बदलले, पण शेवट एलेनच्या बलिदानाचाच ठेवला.

याच्या शेजारी टेरेन्स फिशर यांचा 1958 सालचा ‘ड्रॅक्युला’ ठेवून पाहावा. त्यात पीटर कुशिंग यांनी रंगवलेला डॉक्टर दोन मेणबत्तीदाने एकमेकांवर आडवीउभी धरून क्रूस करतो आणि ड्रॅक्युलाला सूर्यप्रकाशात रेटतो. दृश्य जोरकस आहे, ते विसरले जात नाही. तथापि, येथे क्रूस एखाद्या यंत्रासारखा चालतो. तो कोणी धरला आहे, धरणाऱ्याचा विश्वास कशावर आहे, याची विचारपूस नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायातील स्किवाच्या सात पुत्रांनी येशूचे नाव असेच वापरले, आणि त्यांना घायाळ होऊन उघडेनागडे पळावे लागले. आपल्याकडे क्रूसाचा ताईत करणाऱ्या भाविकाची समजूत याहून फार वेगळी नसते.

विल्यम फ्रीडकिन यांचा ‘द एक्झॉर्सिस्ट’ 1973 च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. त्याचे लेखक विल्यम पीटर ब्लॅटी हे जेझुइट विद्यापीठात शिकलेले कॅथलिक होते. चित्रपटातील बीभत्सपणाची चर्चा अतोनात झाली आणि तो बीभत्सपणा आहेच. लहान मुलीच्या मुखी घातलेले शब्द आणि तिच्याकडून करविलेली कृत्ये ही कोणत्याही गरजेपलीकडे गेली आहेत. तरीही हा चित्रपट टिकला, याचे कारण फादर कॅरस होय. त्याची आई एकटी मरण पावली, हे शल्य त्याला आहे. त्याचा विश्वास डळमळला आहे. विधी करूनही मुलगी मुक्त होत नाही, वृद्ध फादर मेरिन मरून पडतात, तेव्हा कॅरस त्या दुष्ट शक्तीला स्वतःमध्ये येण्याचे आव्हान देतो आणि मुलीच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून खिडकीतून उडी घेतो. खाली पायऱ्यांवर त्याचा मित्र त्याला पापक्षमा देतो. ही आत्महत्या ठरते असा आक्षेप घेतला जातो, आणि शेवटी सैतानच जिंकला असेही अनेक प्रेक्षकांना वाटले. दोन्ही आक्षेप टाकाऊ नाहीत. पण दुसऱ्यासाठी जीव देण्याचा अर्थ येथे पटकथेने तरी गंभीरपणे घेतला आहे. 2000 साली परत जोडलेल्या जिन्यावरील संवादात मेरिन सांगतात, की सैतानाचा हेतू मुलीपेक्षा पाहणाऱ्यांशी निगडित आहे. आपण देवाच्या प्रीतीस पात्र नाही, अशी निराशा त्यांच्या मनात उत्पन्न करणे हा तो हेतू. हा प्रसंग प्रथम गाळला गेला होता, हे चित्रपटाचे नुकसानच होते.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रॉबिन हार्डी यांचा ‘द विकर मॅन’ आला. तो काटछाट करून दुसऱ्या चित्रपटाच्या जोडीला दाखवला गेला होता, पण पुढे त्याला निष्ठावंतांचा मोठा परिवार लाभला. हरवलेल्या मुलीच्या शोधात एक श्रद्धाळू ख्रिस्ती पोलीस अधिकारी बेटावर येतो. पीक बुडाले आहे म्हणून बेटावरील लोक त्यालाच वेताच्या प्रचंड पुतळ्यात कोंडून जाळतात. तो स्तोत्र गातो, तेही आनंदाने गाणी गातात. येथे एकही भूत नाही. सदिच्छेने, हसतमुखाने, धर्म म्हणून माणसाचा बळी देणारा समुदाय आहे. हा आरसा आपणही आपल्यासमोर धरावा, कारण पुढील प्रकरण कल्पित नाही.

जर्मनीतील क्लिंगेनबर्ग येथील आनेलीसे मिशेल ही तरुणी अपस्माराच्या उपचाराखाली होती. 1975 साली बिशपांच्या परवानगीने दोन धर्मगुरूंनी तिच्यावर भूत काढण्याचे विधी सुरू केले. सुमारे दहा महिन्यांत असे 67 विधी झाले. 1 जुलै 1976 रोजी ती 23 व्या वर्षी उपासमारीने मरण पावली. 1978 साली न्यायालयाने तिचे आईवडील व दोन्ही धर्मगुरू यांना निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूबद्दल दोषी ठरवले.

या एका प्रकरणावर दोन चित्रपट निघाले. स्कॉट डेरिकसन यांच्या 2005 सालच्या ‘द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ’ने कथा अमेरिकेत नेली, न्यायालयातील वादविवाद कुशलतेने रचला, आणि अखेरीस मुलीच्या मृत्यूला हौतात्म्याचे वलय दिले. प्रेक्षक भारावून बाहेर पडतो, पण तिला अन्न व औषध का मिळाले नाही, हा प्रश्न मागे राहतो. हान्स-क्रिस्टियान श्मिट यांच्या 2006 सालच्या ‘रेक्विएम’मध्ये राक्षसी मुद्रा नाही, अंधारातील किंकाळी नाही. आईच्या कठोरपणाने गांजलेली, बापाच्या मायेला चिकटून असलेली, विद्यापीठात शिकू पाहणारी एक आजारी मुलगी आहे. सांड्रा ह्यूलर यांनी ती इतक्या सच्चेपणाने उभी केली, की बर्लिन महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. भयपटाच्या नेहमीच्या अर्थाने हा भयपट नव्हे. तरी वर सांगितलेल्या मापाने तो पहिल्याहून कितीतरी श्रेष्ठ ठरतो.

जेम्स वॉन यांच्या 2013 सालच्या ‘द कॉन्ज्युरिंग’विषयीही दोन शब्द. पीडित आईला तिच्या मुलाबाळांची आठवण देऊन परत आणले जाते, हे त्यातील चांगले अंग. पण अधिकाऱ्यांची परवानगी येण्याची वाट न पाहता एक सामान्य गृहस्थ स्वतःच विधी करतो आणि तो यशस्वी होतो. हा धडा आपल्या वाड्या-वस्त्यांत पोचला तर अनर्थ होईल. कॅथलिक चर्चच्या 1983 सालच्या धर्मविधीसंहितेनुसार स्थानिक बिशपांच्या स्पष्ट परवानगीवाचून असा विधी करता येत नाही. महाराष्ट्रात 2013 पासून आणि कर्नाटकात 2017 च्या कायद्याने, भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे वा छळणे हा गुन्हा आहे.

तेव्हा चित्रपट पाहून आलेला तरुण किंवा घाबरलेली आई आपल्या दाराशी आली, तर आपण सैतान आहे की नाही या वादात प्रथम शिरू नये. मनुष्य जेवतो का, झोपतो का, डॉक्टरांना दाखवले आहे का, घरात त्याच्याशी कोण बोलते, हे विचारावे. मग त्याच्याजवळ बसून प्रार्थना करावी, आणि औषध बंद करू देऊ नये. गरसेकरांच्या प्रदेशातील तो मनुष्य अखेरीस घरी गेला. आपल्याकडे आलेला मनुष्यही घरी, आपल्या माणसांत परतावा, इतकेच आपल्या सेवेचे प्रयोजन आहे.