कुंडली, भरती आणि नारळीकर

पीएच.डी.च्या प्रवेश मुलाखतीत 'छद्मविज्ञान म्हणजे काय?' असं विचारलं की बरेच जण यादी सुरू करतात. ज्योतिष, वास्तुशास्त्र, चुंबकाचे पट्टे. यादी चुकीची नसते, पण ते उत्तर नव्हे. विषयाचं नाव बघूनच शिक्का मारायचा असेल तर संशोधन करायचं कशाला?

माझं गाव मोरा, उरणचं बंदर. इथून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते, आणि बंदरात गाळ इतका की मोठ्या ओहोटीला ती अडते. त्यामुळे पाणी कधी चढणार हे सगळ्यांनाच बघावं लागतं. जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हिशेब ढोबळ आहे. पौर्णिमेला त्यातून सव्वाअकरा येतात, भरती असते बाराच्या सुमारास. पण तो किती चुकला हे घड्याळ लावून सांगता येतं. नियम पंचांगातल्या तिथीवर चालतो म्हणून कुणी त्याला छद्मविज्ञान म्हणत नाही.

मग त्याच पंचांगावरून मांडलेल्या कुंडलीचं काय? हा प्रश्न नुसता चर्चेचा नव्हता. 2001 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत सुरू करायचं ठरवलं, म्हणजे त्यावर पदव्या मिळणार होत्या. 2008 साली पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. तिचा निबंध 2009 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. जेमतेम तीन पानांचा आहे, जरूर वाचा. पण भक्तिभावाने वाचू नका.

200 कुंडल्या होत्या: 100 हुशार विद्यार्थ्यांच्या, 100 मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 पाठवल्या आणि विचारलं, यातली कुठली कुठल्या गटातली? 51 जण पुढे आले, उत्तरं 27 जणांनी पाठवली. सगळ्यात जास्त बरोबर उत्तरं 24, सरासरी निम्म्याच्याही थोडी खाली. एका संस्थेने सगळ्याच 200 कुंडल्या पाहिल्या, त्यातल्या 102 बरोबर आल्या. म्हणजे छापा-काटा.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट निकालाची नाही, व्यवस्थेची आहे. दाभोलकर अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते, घाटपांडे ज्योतिषाचे टीकाकार; तटस्थ नव्हेतच. पण कुंडली कुणाची हे गुपित बंद ठेवलं होतं, त्यामुळे त्यांचं मत काहीही असलं तरी आकड्यांना हात लागणार नव्हता. 'अमक्याने केलं म्हणजे पक्षपात' हा आक्षेप म्हणूनच इथे लंगडा पडतो. तुमचाही गृहीतकावर जीव असणारच, तेव्हा ही युक्ती शिकून घ्या.

आता कच्चे दुवे. उत्तरं न पाठवणारे 24 जण कोण होते? त्यांनी कुंडल्या बघून माघार घेतली की कंटाळून? निम्म्याच्या आसपास माणसं गळली की निकाल उरलेल्यांबद्दलच बोलतो. दुसरं, प्रश्न एकच होता, बुद्धीचा. लग्न, नोकरी, आजार यांबद्दल निबंध काही सांगत नाही, आणि 'ज्योतिष खोटं ठरलं' असं जे छातीठोकपणे म्हणतात ते निबंधाच्या पुढे पळतात.

तिसरा दुवा आकडेमोडीचा, आणि इथे दोन्ही बाजू घसरतात. 27 गुणिले 40 म्हणजे 1080 उत्तरं. ती निम्म्याहून कमी बरोबर, म्हणून 'ज्योतिषी नाण्यापेक्षाही वाईट' असा विनोद सर्रास होतो. पण कुंडल्या 200च होत्या. एकेक कुंडली सरासरी पाचाहून जास्त जणांकडे गेली, आणि ठरलेले नियम वापरणारे दोघं एकाच कुंडलीवर एकत्रच चुकतील. ही 1080 स्वतंत्र उत्तरं नव्हेत, त्यामुळे तेवढ्या फरकावरून काही सिद्ध होत नाही.

उलट बाजूने, '24 बरोबर म्हणजे 60 टक्के, काहीतरी आहेच की!' हेही नको. नुसतं नाणं उडवून 40 पैकी 24 किंवा जास्त येण्याची शक्यता 13 टक्क्यांच्या आसपास. 27 जणांनी नाणी उडवली तर कुणाला ना कुणाला तेवढी मिळणारच. 26 ची पट्टी ठेवली असती तरी कुणीतरी निव्वळ नशिबाने पार होण्याची शक्यता तीनांत दोन होती. कागद घेऊन स्वतः करून बघा, द्विपद वितरण पुरे. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत 20 चलं तपासून एक 'लक्षणीय' निघतं ते याच वाटेने.

आता या चौघांतल्या पहिल्या नावाकडे या. नारळीकर स्वतः आयुष्यभर मुख्य प्रवाहाच्या बाहेरच्या सिद्धांताचे पाठीराखे होते. फ्रेड हॉईल यांच्यासोबत त्यांनी स्थिर स्थिती विश्वाची बाजू लढवली. 1965 मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांचं सूक्ष्मलहरी प्रारणाचं निरीक्षण प्रसिद्ध झालं आणि बहुतेक विश्वरचनाशास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. नारळीकर वळले नाहीत. 1993 मध्ये हॉईल, बर्बिज आणि त्यांनी सुधारित, 'जवळजवळ स्थिर' आवृत्ती मांडली. तीही फारशी स्वीकारली गेली नाही.

मग ज्योतिषाला एक न्याय आणि नारळीकरांना दुसरा? मला तसं वाटत नाही. त्यांच्या विश्वातून प्रारण कसं यायला हवं, दूरच्या दीर्घिका कशा दिसायला हव्यात, हे आकड्यांत मांडलेलं होतं. टीकाकारांना बोट ठेवायला जागा त्यांनीच करून दिली होती, आणि त्यांनी ते ठेवलं. हट्ट मलाही जरा जास्त वाटतो. सिद्धांताला दुरुस्त्या करत राहिलं की तो वाचवलाय की नुसता टिकवलाय हे कळेनासं होतं. पण त्या दुरुस्त्याही छापलेल्या आहेत, तपासता येतात. कुंडली चुकली की मात्र जन्मवेळ चुकीची निघते, आणि ती किती मिनिटांनी चुकीची होती हे निकाल लागल्यावरच ठरतं.