प्रबंध दिसतो, पण सापडत नाही : ‘शोधगंगा’ आणि मराठी संशोधनातील नवता

विद्यापीठीय व्यवहाराचे डिजिटल परिवर्तन झाले की संशोधनात नवोन्मेषाला आपोआप चालना मिळते, हे विधान चर्चासत्रांच्या उद्घाटनपर भाषणांतून इतक्या सहजतेने केले जाते की, ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. प्रस्तुत लेखात हे विधान एका मर्यादित क्षेत्रात, म्हणजे मराठीतून लिहिल्या गेलेल्या पीएच.डी. प्रबंधांच्या संदर्भात, तपासावयाचे आहे. त्यासाठी ‘शोधगंगा’ हा राष्ट्रीय प्रबंधसंग्रह विचारात घेतला आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या विनियमांद्वारे प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करण्याचे बंधन विद्यापीठांवर घातले. या प्रती गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात जमा होतात. तेथे आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. पूर्वी एखादा प्रबंध पाहावयाचा तर त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन, परवानगीचा अर्ज देऊन, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असे त्यांची वाट पाहावी लागे. तालुक्याच्या गावी राहून संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु नवतेचा प्रश्न येथेच सुरू होतो. ‘नवे काय?’ हे ठरविण्यासाठी ‘आधी काय झाले?’ हे कळावे लागते. शं. ग. दाते यांनी इ.स. १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, ती याच जाणिवेतून पाहावयास हवी. ग्रंथ अस्तित्वात असणे आणि तो अभ्यासकाला सापडणे या दोन भिन्न गोष्टी होत. शोधगंगेने मराठी प्रबंधांच्या बाबतीत पहिली गोष्ट साधली. दुसरी मात्र बव्हंशी राहून गेली आहे.

याचे कारण तांत्रिक आहे, आणि ते समजून घेण्याजोगे आहे. देवनागरीचा समावेश युनिकोड प्रमाणात १९९१ पासूनच होता. तरीही आपल्याकडील अक्षरजुळणी दीर्घकाळ श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींतून होत राहिली. अनेक डीटीपी केंद्रांत ती अद्यापही होते. या प्रणालींच्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर ‘कादंबरी’ दिसते, पण संगणकाच्या स्मृतीत असते ती रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची निरर्थक मालिका. अशा प्रबंधात ‘कादंबरी’ हा शब्द शोधला तर तो मिळत नाही. काही प्रबंध तर छापील पानांची छायाचित्रे घेऊन जमा झालेले असतात. त्यांत संगणकाच्या लेखी एकही अक्षर नसते. युनिकोडमध्ये टंकलिखित केलेल्या प्रबंधातही पीडीएफ करताना ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षरे यांचा क्रम विस्कटतो. मग उरते ती शीर्षकाची नोंद. ती पुष्कळदा रोमन लिपीत किंवा इंग्रजी भाषांतरात असते. ‘ळ’ आणि ‘ण’ रोमन लिपीत कसे लिहावयाचे याविषयी दोन विद्यापीठांचेच काय, एकाच विद्यापीठातील दोन लिपिकांचेही एकमत नसते.

याचा परिणाम संशोधनाच्या आशयावर होतो. विषय निश्चित करताना संशोधक शोध घेतो, त्याला काही आढळत नाही आणि तो ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही’ असे प्रस्तावनेत प्रामाणिकपणे लिहितो. मार्गदर्शक आणि मान्यता समितीही तेच गृहीत धरते. तेच कालखंड, त्याच लेखकांच्या कादंबऱ्यांतील ग्रामीण जीवन, तेच निष्कर्ष वेगवेगळ्या विद्यापीठांत पुन्हा सिद्ध केले जातात. येथे चौर्य नसते. तरीही चार-पाच वर्षांचे श्रम आधीच झालेल्या कामावर खर्ची पडलेले असतात.

अधिक गंभीर बाब साम्यतपासणीची आहे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते व त्यासाठी दंड नाही. ही तपासणी संगणकप्रणाली करते, आणि ती वाचता येणाऱ्या अक्षरांशीच तुलना करू शकते. ज्या जुन्या प्रबंधांतील अक्षरे यंत्राला वाचताच येत नाहीत, त्यांच्याशी नव्या प्रबंधाचे साम्य निघणार कसे? दोन-तीन टक्क्यांचे प्रमाणपत्र जोडलेला मराठी प्रबंध म्हणूनच दोन प्रकारचा असू शकतो : खरोखर स्वतंत्र, किंवा यंत्राच्या दृष्टीआड असलेल्या प्रबंधावरून उतरविलेला. प्रमाणपत्रावरून हा भेद कळत नाही. इंग्रजीतून लिहिणाऱ्या संशोधकाला लागणारी चाळणी मराठीतून लिहिणाऱ्याला लागत नाही, ही सवलत नव्हे. मराठी प्रबंधाच्या प्रतिष्ठेची ती हानी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्या निमित्ताने झालेल्या समारंभांत या कामाचाही उल्लेख झाला असता तर बरे झाले असते.

मूल्यांकनाच्या प्रपत्रांत जमा केलेल्या प्रबंधांची संख्या भरली जाते. त्यांतील किती शोधक्षम आहेत, हे विचारणारा रकाना असावयास हवा. वास्तविक उपाय फारसे खर्चिक नाहीत. पीडीएफबरोबर युनिकोडमधील मूळ फाइल मागणे, शीर्षक व सारांश देवनागरीत नोंदविणे, या गोष्टी परिपत्रकाने होण्यासारख्या आहेत. छापील मराठी मजकूर ओळखणाऱ्या प्रणाली आता उपलब्ध आहेत. त्यांत चुका राहतात, पण शोधापुरते काम भागते. जुन्या फाँटमधील मजकूर तर परिवर्तकाच्या साहाय्याने बऱ्याच अंशी अचूकपणे युनिकोडमध्ये आणता येतो. मात्र त्यासाठी मूळ फाइल हाती असावी लागते. ती ग्रंथालयात क्वचितच असते. ती असते महाविद्यालयाच्या फाटकासमोरील डीटीपी केंद्राच्या संगणकावर, आणि तो संगणक भंगारात जाईपर्यंतच.