यशकथेतला कारकून : वालचंद हिराचंद यांच्या चरित्राचे एक वाचन

सोलापुरात उद्योजकतेवर व्याख्यान असले की दोन गोष्टी हमखास कानावर येतात. एक म्हणजे ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण, आणि दुसरी म्हणजे वालचंद हिराचंद यांचे नाव. म्हण महाराष्ट्रभर चालते, नाव मात्र आमच्या गावचे. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात जन्मलेला एक मुलगा मुंबई-पुण्यातले शिक्षण अर्धवट सोडतो, वडिलांच्या पेढीवर त्याचे मन रमत नाही, तो रेल्वेची कंत्राटे घेऊ लागतो आणि पुढे जहाज, विमान व मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया घालतो. वक्ता इथे थांबतो, समोर बसलेल्या मुलांकडे पाहतो आणि विचारतो, ‘वालचंदांनी नोकरी केली असती तर?’ टाळ्या पडतात.

हा प्रश्न ज्या साच्यातून येतो त्या साच्याची तपासणी हा या लेखाचा विषय आहे. साचा सोपा आहे. नोकरी म्हणजे बंधन आणि धंदा म्हणजे मुक्ती. पदवी म्हणजे कागद आणि ओळखी म्हणजे भांडवल. अलीकडे त्याला ‘नेटवर्किंग’ हा शब्द चिकटला आहे. रॉबर्ट कियोसाकी यांच्या ‘रिच डॅड पुअर डॅड’ या १९९७ च्या पुस्तकाचा मराठी अनुवाद आज रेल्वे स्थानकावरच्या स्टॉलवरही मिळतो. त्यातला ‘गरीब’ बाप हा शिकलेला, पगारदार माणूस आहे. आपल्याकडच्या यशकथांनी हा बाप उचलला आणि त्याला कारकुनाचा सदरा घातला. याच लेखकाने पुढे नेटवर्क मार्केटिंगची भलावण करणारे स्वतंत्र पुस्तक लिहिले, हे मात्र स्टॉलवर कोणी सांगत नाही.

मराठी यशकथेने मुळात वालचंद जिथून घेतले तिथे जाऊ. ग्रंथ गं. दे. खानोलकरांचा. वाङ्मयाच्या वाचकांना हे नाव वेगळ्या संदर्भात माहीत असते. ‘अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक’ लिहिणारे, माधव जूलियनांचे चरित्र लिहिणारे हेच खानोलकर. आयुष्यभर लेखकांची चरित्रे जुळवणाऱ्या माणसाने एका उद्योगपतीचे चरित्र लिहावे, ही गोष्टच कुतूहलाची आहे. त्याची इंग्रजी आवृत्ती १९६९ मध्ये निघाली आणि प्रकाशक होती वालचंद समूहातलीच कंपनी. म्हणजे चरित्र घरचे आहे. तरीही खानोलकरांची जुनी सवय त्यांना सोडत नाही. लेखकाच्या चरित्रात गुरू, मित्र, संपादक, प्रकाशक यांची दखल घ्यावी लागते, तशी ते इथे भागीदारांची, कर्जदात्यांची, अधिकाऱ्यांची दखल घेतात. पुढच्या यशकथांनी हा ग्रंथ वापरला, पण नेमकी ही दखल गाळली.

सर्वांत मोठी गळती लक्ष्मणराव बळवंत फाटक यांची. वालचंदांचे पहिले भागीदार हे फाटक. ते आधी रेल्वेत कारकून होते आणि मग कंत्राटदार झाले. ‘फाटक-वालचंद’ या पेढीच्या नावात फाटक आधी आहेत आणि वालचंद नंतर. सुरुवातीची कामे बार्शी लाइट रेल्वेची. कुर्डूवाडीहून बार्शीला जाणारी ही अडीच फुटी रुंदीची गाडी १८९७ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या दशकात तिचे फाटे पसरत होते. व्याख्यानात फाटक आलेच तर ‘एका साध्या कारकुनाला बरोबर घेऊन’ अशा अर्ध्या वाक्यात येतात.

इथे जरा थांबायला हवे. रेल्वेचे मातीकाम घ्यायचे म्हणजे काय करावे लागे? टेंडर भरायचे तर दर माहीत हवा. कोणत्या जमिनीत किती ब्रास माती दिवसाला निघते, मुरूम कुठे लागतो, खडक कुठे, मोजमाप घेणारा अधिकारी काय धरतो आणि काय सोडतो, बिल कोणत्या टेबलावर अडते हे सारे ठाऊक हवे. हे ज्ञान पुस्तकात नसते आणि वडिलोपार्जित पेढीच्या गादीवरही नसते. ते रेल्वेच्या कचेरीत वर्षानुवर्षे कागद हाताळणाऱ्याजवळ असते. दुसरी बाजू पैशाची. अनामत आधी भरायची, मजुरांचा पगार बाजाराच्या दिवशी चुकता करायचा आणि सरकारी बिल मात्र महिन्यांनी हातात पडायचे. हे मधले महिने काढण्याची ताकद पेढीच्या पतीत होती. मी स्वतः सोलापुरात सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहीत आलो, त्यामुळे हा मधला काळ म्हणजे काय हे मला समजावून सांगावे लागत नाही. धंदे नफ्याअभावी बुडतात त्यापेक्षा जास्त याच काळात बुडतात. फाटकांची नोकरी आणि वालचंदांची पत, या दोन्हींची ही भागीदारी होती. ‘नोकरी की धंदा’ असा प्रश्न विचारणाऱ्याने आधी सांगावे की या पहिल्या कंत्राटात नोकरी वजा केली तर काय उरते.

वालचंदांची पत कुठून आली, हेही यशकथा पुरते सांगत नाही. ‘घरचा धंदा नाकारला’ हे वाक्य तिला फार आवडते. वडील हिराचंद नेमचंद दोशी हे कापसाचे आणि पेढीचे प्रतिष्ठित व्यापारी होते. घराणे मूळचे सौराष्ट्रातले, दिगंबर जैन. हिराचंद शेठ नुसते व्यापारी नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात त्यांनी ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक काढले. समाजसुधारक आणि संपादक म्हणून त्यांचे नाव सोलापूरबाहेरच्या जैन समाजात पोचलेले होते. म्हणजे वालचंदांना वारशात पैशाबरोबर एक यादी मिळाली होती. कोणत्या गावी कोणाच्या दारात उभे राहिले तर आत बोलावतील, याची यादी. घरचा धंदा सोडता येतो. घरची पत सोडून जाता येत नाही, ती मागोमाग येते.

सिंदिया कंपनीचे उदाहरण याहून बोलके आहे. १९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून ‘लॉयल्टी’ हे जहाज घेतले गेले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले, आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. इथपर्यंत सगळे सांगतात. ‘लॉयल्टी’ व्यवसायाच्या हिशेबात चालले नाही आणि १९२३ मध्ये भंगारात गेले, हे थोडे सांगतात. कंपनी मात्र टिकली. ती कशामुळे टिकली? तिच्या मुळाशी वालचंदांबरोबर नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास अशी माणसे होती. त्यातले नरोत्तम मोरारजी सोलापूरकरांना परके नव्हेत. त्यांचे वडील मोरारजी गोकुळदास यांनी सोलापुरात पहिली कापड गिरणी, आमची ‘जुनी मिल’, उभी केली. मुरारजी पेठ हे नाव त्यांचेच. अर्धी मुंबई आणि अर्धे सोलापूर अशा या ओळखींच्या जाळ्यातून भारतीय जहाजउद्योग बाहेर आला. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींचे निधन झाल्यावर वालचंद अध्यक्ष झाले. ओळख या शब्दाचा अर्थ इथे व्हिजिटिंग कार्ड असा नाही. दोन पिढ्यांचा व्यवहार असा आहे.

नेटवर्किंगच्या शिबिरांत सर्वांत लोकप्रिय गोष्ट विमानाची. १९३९ मध्ये पॅसिफिकवरच्या प्रवासात वालचंदांना विल्यम पॉली हा अमेरिकन भेटतो, तो चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना चालवत असतो; गप्पा होतात आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहते. शेजारच्या सीटवरच्या माणसाशी बोला, हे तात्पर्य. गोष्ट खरी आहे, तात्पर्य खोटे आहे. त्या सीटवर बसलेल्या माणसामागे तेव्हा बांधकाम कंपन्या, साखर कारखाना आणि देशातली मोठी जहाज कंपनी होती. जागा आणि भांडवलातला वाटा म्हैसूर संस्थानाने दिला, गिऱ्हाईक होते महायुद्धात अडकलेले सरकार, आणि १९४२ मध्ये कारखान्याची सूत्रे त्या सरकारनेच हाती घेतली. पॉलीशेजारी दुसरा कोणी बसला असता तर एक चांगली गप्प झाली असती, इतकेच.

ओळखींच्या शास्त्राचा उगमही तपासण्याजोगा आहे. ‘दुबळ्या धाग्यांची ताकद’ हा मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा लेख जगभर उद्धृत होतो. जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या, अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून नवी माहिती जास्त मिळते, हे त्याचे म्हणणे. नेटवर्किंगचे प्रशिक्षक याच्यावर डोलारा उभारतात. पण ग्रॅनोव्हेटरने विचारले होते कोणाला? मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन या गावच्या पगारदार माणसांना, आणि प्रश्न होता, तुम्हाला ही नोकरी कशी मिळाली. धंद्याचा मंत्र म्हणून विकली जाणारी कल्पना नोकरदारांच्या अभ्यासातून जन्मली, याची गंमत मला अनेक वर्षे पुरली आहे.

या साच्याला अपवाद म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव पुढे केले जाते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत ते शिक्षक होते, बढती डावलली गेली म्हणून बाहेर पडले, बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, पुढे नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे केली. ही कथा वालचंदांपेक्षा यशकथेला जास्त सोयीची आहे, कारण राजीनामा खरोखरच आहे. पण यंत्राचे ज्ञान त्या संस्थेतच पक्के झाले होते. आणि बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली ती बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आधारावर. लक्ष्मणरावांचे कर्तृत्व याने तसूभर कमी होत नाही. उलट मला ते जास्त स्पष्ट दिसते.

वाचक म्हणतील, हा सगळा तपशील असला तर असला. मुलांना हुरूप येत असेल तर काय बिघडले? बिघडते ते हे, की या कथेत जोखीम कोण उचलतो हे दिसत नाही. सोलापूरला हे शिकवायला दुसऱ्या गावाची गरज नाही. ज्या जुन्या मिलचा वर उल्लेख आला ती १९४९ मध्ये बंद पडली. हजारो कामगार एका दिवसात रस्त्यावर आले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचे व्यवस्थापन हाती घेतले आणि पुढे त्याचा कायदा झाला. चिरंजितलाल चौधरी नावाच्या एका भागधारकाने त्याविरुद्ध दाद मागितली. नव्या राज्यघटनेतल्या मालमत्तेच्या आणि समानतेच्या हक्कांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा हा आरंभीचा निकाल, डिसेंबर १९५० चा. त्यांची याचिका फेटाळली गेली. कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला अभ्यासतात, त्यातले ‘शोलापूर’ कुठे आहे हे त्यांना माहीत असेलच असे नाही. भागधारकाचा हक्क न्यायालयापर्यंत पोचला. साच्यावरच्या कामगाराचे काय झाले, हे त्या निकालात शोधण्याची जागाच नाही.

ती जागा दुसऱ्या प्रकारच्या लेखनात आहे. पुण्याच्या गोखले संस्थेने रा. गो. काकडे यांची सोलापुरातल्या विणकर समाजांची पाहणी १९४७ मध्ये प्रसिद्ध केली. धनंजयराव गाडगीळांचा सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास १९६५ चा. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी मागावरून कारखान्यापर्यंत केलेला प्रवास समजून घ्यायचा तर या पुस्तकांकडे जावे लागते. सोलापुरी चादर ज्यांनी जगभर नेली त्यांतले कित्येक कारखानदार आधी दुसऱ्याच्या मागावर मजुरी करत होते. ती नोकरीच होती, आणि तीच त्यांची शाळा. त्यांचेही जाळे होते: गावाकडचा नातेवाईक, समाजाची संस्था, सूत उधार देणारा व्यापारी. त्याच जाळ्यात हजारो जण मजूरच राहिले, त्यांच्या घरच्या बायका विड्या वळत राहिल्या. जाळ्याला दोन्ही गुण असतात; ते वर ओढते आणि अडकवूनही ठेवते. एकाही यशकथेत मला दुसरा गुण वाचायला मिळालेला नाही.

‘नेटवर्क’ हा शब्द आमच्या शहरात आज ज्या अर्थाने जास्त चालतो तो तर वेगळाच. हॉटेलच्या हॉलमध्ये सभा, पडद्यावर वर्तुळे, तुमच्याखाली दोन, त्यांच्याखाली चार. अशा साखळ्यांतला पैसा फिरवण्याचा भाग १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंद केला आहे आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांवर पुन्हा बंदी घातली आहे. तरी सभा भरतात. माझ्या पाहण्यातल्या एका सभेत पडद्यावर वालचंदांचे छायाचित्र होते. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा एक तरुण तिथे पहिल्या रांगेत वही घेऊन बसला होता. त्याला विकायचे होते ते आधी आपल्याच मावशीला, आत्याला, शेजाऱ्याला. हिराचंद शेठांच्या मुलाला वारशात मिळालेली यादी आणि या मुलाच्या वहीतली यादी, दोन्हींना एकच शब्द लावणे हे भाषेचे दिवाळे आहे.

खानोलकरांच्या ग्रंथाकडे पुन्हा वळून एवढे म्हणतो, की त्याच्या इंग्रजी शीर्षकात माणूस, त्याचा काळ आणि कर्तृत्व असे तीन शब्द आहेत. यशकथांनी पहिला आणि तिसरा ठेवला. मधला शब्द परत आणायचा तर फाटकांपासून सुरुवात करता येईल. रेल्वेच्या कचेरीतली त्यांची वर्षे, पेढीचे करारपत्र, पहिल्या कंत्राटांची बिले यांचा शोध घेणारे स्वतंत्र लेखन मराठीत माझ्या वाचनात आलेले नाही. जुन्या पेढ्यांच्या खतावण्या सोलापुरात वाड्यांबरोबर पाडल्या जात आहेत; मंगळवार पेठेत गेल्या वर्षी मी त्या किलोच्या भावाने विकल्या जाताना पाहिल्या. ज्यांच्या घरी अजून असतील त्यांनी रद्दीवाल्याला देण्याआधी एखाद्या ग्रंथालयाला विचारावे.