एकाच पानावरचे बोट

काफ्काच्या 'द ट्रायल'वर लिहिणारा जो तो योसेफ के.वरच लिहितो. तिसाव्या वाढदिवसाच्या सकाळी बँकेतल्या या बड्या अधिकाऱ्याला अटक होते, गुन्हा कोणता ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि वर्षभराने दोन माणसे त्याला दगडाच्या खाणीत नेऊन सुरीने मारतात. लेखकाच्या मृत्यूनंतर, १९२५ साली मॅक्स ब्रॉडने प्रसिद्ध केलेल्या या अपुऱ्या कादंबरीतल्या कोर्टात कोणाला परमेश्वर दिसला, कोणाला हुकूमशाही. हैदराबादेत ती वाचताना माझे लक्ष मात्र व्यापारी ब्लॉकवर खिळले.

ब्लॉकचा खटला पाच वर्षांहून जुना. मजलाभर पसरलेली पेढी एका खोलीत आली आहे. मोठ्या वकिलाच्या नकळत त्याने आणखी पाच किरकोळ वकील धरले आहेत. वकिलाच्याच घरी, मोलकरणीच्या अंधाऱ्या खोलीत तो पडून असतो. वकिलाने दिलेले कागद तो दिवसभर वाचतो. पण लेनी पाहते, तेव्हा पान तेच असते आणि ओळींवरून बोट फिरत असते. त्याला त्यातले काही कळत नाही हे वकिलालाही ठाऊक आहे.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. आमची जमीन देगलूरकडे. निजामाच्या राज्यात, १९४८ पर्यंत, कचेरीचा कारभार उर्दूत. प्रजा मराठी, तेलुगू, कानडी बोलणारी. आजोबांना मोडी येई, बालबोध येई, उर्दूचे अक्षर येत नसे. अपिलासाठी ते हैदराबादेस येत, मुसीकाठच्या १९२० साली उघडलेल्या हायकोर्टाच्या पायऱ्या चढत. रात्री कंदिलाशी कागद उलगडून त्यावरून बोट फिरवीत. आजी सांगे, बोट डावीकडून उजवीकडे फिरे. उर्दू शिकल्यावर मी तो कागद वाचला. त्यात निकाल नव्हता, पुढची तारीख होती.

तारखेचे हे शास्त्र काफ्काला, १९०६ साली कायद्याची डॉक्टरेट घेतलेल्या माणसाला, पुरते ठाऊक होते. चित्रकार तितोरेल्ली सुटकेचे प्रकार सांगतो. खरी सुटका कोणी पाहिलेली नाही. दिखाऊ सुटकेनंतर पुन्हा अटक होऊ शकते. उरते ते खटला लांबवणे. आपल्याकडे याला वेगळे नाव देण्याची गरजही पडली नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात. के. ती आपण होऊन चढतो. पत्ता नीट दिलेला नसताना चाळीत जिने शोधत फिरतो आणि वर पोचतो. मला वाटते, कादंबरीतली खरी भीती या आज्ञाधारकपणात आहे, सुरीत नाही. म्हणून शेवटचा खून मला थोडा नाटकी वाटतो. (हे वाचून काफ्काभक्त रागावतील. रागावोत.) प्रागमध्ये चेक भाषकांच्या गराड्यात जर्मन लिहिणाऱ्या या माणसाने तो खून आधी ठरवून टाकला, असे मला वाटते, ब्लॉकचे प्रकरण मात्र त्याच्या हातून पुरे झाले नाही. वकिलाच्या पलंगाशी गुडघे टेकून ब्लॉक बसला आहे आणि पाने तिथेच संपतात.