शब्दांवाचून प्रार्थना : रेजिना कार्टर यांचे व्हायोलिन

गॉस्पेल ही शब्दांची कला. चर्चमधला गायक ईश्वराचे नाव घेतो, बायबलमधली कथा सांगतो आणि समोरचा समुदाय त्याला होकार देतो. मग शब्दच नसलेल्या व्हायोलिनवर गॉस्पेल कसे वाजणार? अमेरिकेतील कृष्णवर्णीय जॅझ वादक रेजिना कार्टर यांचे वादन ऐकताना आम्हांला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

कार्टर यांचा जन्म १९६६ चा, डेट्रॉइटचा. याच शहरात १९५९ साली बेरी गॉर्डी यांनी मोटाउन कंपनीचा पाया घातला. इथल्याच न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चमध्ये सी. एल. फ्रँकलिन प्रवचने देत आणि त्यांची कन्या अरेथा गात असे. चर्चमधला हा आर्त, दमदार ढंग प्रेमाच्या आणि रोजच्या जगण्याच्या गाण्यांत उतरला, त्यालाच सोल म्हणू लागले. देवाघरचे स्वर बाजारात नेले, असा ठपकाही तेव्हा गायकांवर आला. दर्ग्यातली कव्वाली रंगमंचावर आणि चित्रपटात गेल्याबद्दलची कुरबुर ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हा वाद परका वाटणार नाही.

वयाच्या चौथ्या वर्षापासून कार्टर सुझुकी पद्धतीने, म्हणजे आधी कानाने ऐकून, शिकल्या. मैफलीत हा संस्कार जाणवतो. स्वर सरळ न गाठता त्या खालून घसरत, आपल्या मींडेसारखा गाठतात. गजाच्या तुटक फटकाऱ्यांनी ताल धरतात. व्हायोलिनने एक वाक्य टाकावे आणि साथीदारांनी ते उचलावे, ही गॉस्पेलची हाक आणि होकार. कव्वालाची ओळ हमनवा उचलतात, तीच रीत. शब्द गेले तरी म्हणण्याची पद्धत उरते आणि तिच्यातच श्रद्धेचा बराचसा भाग असतो. 'मोटर सिटी मोमेंट्स' (२०००) या ध्वनिमुद्रिकेत स्टीव्ही वंडर यांचे 'हायर ग्राउंड' त्यांनी वाजवले आहे, ते याची साक्ष देते.

डिसेंबर २००१ मध्ये इटलीतील जिनोआ शहरात त्यांनी पागानिनीचे १७४३ साली घडवलेले 'कॅनन' हे व्हायोलिन वाजवले. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या जॅझ वादक आणि पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी. जॅझमुळे वाद्याला इजा होईल, अशी धास्ती काहींनी व्यक्त केली होती. लाकडाची ही काळजी वरवर रास्त दिसते. पण तिच्या आड कोणाचे संगीत कुलीन मानायचे, हा निवाडा दडलेला असतो.

मात्र त्याच व्हायोलिनवरची 'पागानिनी : आफ्टर अ ड्रीम' (२००३) ही ध्वनिमुद्रिका आम्हांला फिकी वाटते. वाद्यवृंदाच्या मखमलीत कार्टर यांचा खरखरीतपणा हरवतो. सगळे गोड आहे, पण हाक नाही. शब्दांवाचूनच्या प्रार्थनेला हाच धोका असतो : दुःखाचा संदर्भ सुटला की उरते ती केवळ सुरावट.

'सदर्न कम्फर्ट' (२०१४) मध्ये हा संदर्भ परत येतो. अलाबामातल्या आपल्या आजोबांच्या, त्या खाणकामगाराच्या, काळातली गाणी त्यांनी जुन्या ध्वनिमुद्रणांतून शोधली आणि त्यांचा ओबडधोबडपणा राखून वाजवली. त्याआधी 'रिव्हर्स थ्रेड' (२०१०) मध्ये मालीच्या याकूबा सिसोको यांचा कोरा त्यांच्या साथीला आहे. हे वाद्य पश्चिम आफ्रिकेतल्या, बहुतांशी मुस्लिम असलेल्या मांदे गायक घराण्यांचे. व्हायोलिन युरोपचे, कोरा आफ्रिकेचा आणि त्यांना जोडणारी स्त्री डेट्रॉइटची.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, ही मराठी कोणाची, असे आजही विचारले जाते. कार्टर अशा प्रश्नाला वाद घालून उत्तर देत नाहीत. त्या परक्या म्हटल्या गेलेल्या वाद्यातून आपल्या माणसांचा आवाज काढतात. मुस्लिम मराठी लेखकाला याहून वेगळे काय करायचे आहे?