गुत्तेवाल्या पणजोबांचा शोध

थॉमस हार्डीच्या ‘टेस’ या १८९१ सालच्या कादंबरीचा आरंभ वाचकांना आठवत असेल. संध्याकाळच्या वेळी जॉन डर्बीफील्ड नावाचा एक गरीब फेरीवाला घराकडे चालला आहे. वाटेत एक पाद्री भेटतो आणि सहज सांगून टाकतो की, तू तर डर्बरव्हिल या प्राचीन सरदार घराण्याचा वंशज! हे ऐकून हा गृहस्थ काय करतो? सरळ गुत्ता गाठतो. त्या रात्रीपासून घराची जी वाताहत सुरू होते, ती लेकीच्या फाशीपर्यंत थांबत नाही. पूर्वजांच्या शोधाची एवढी कडवट थट्टा क्वचितच कोणी केली असेल. मला मात्र त्या सरदारांपेक्षा, ज्या गुत्त्यात ही बातमी साजरी झाली त्या गुत्त्याच्या मालकिणीविषयी अधिक कुतूहल वाटते. तिच्यासारखीलाही नातवंडे-पतवंडे असणार. त्यांनी तिला कुठे शोधावे?

प्रश्न चमत्कारिक वाटेल. आपल्याकडचे कुलवृत्तान्त चाळावेत, तर मूळ पुरुष वेदशास्त्रसंपन्न तरी असतो, नाही तर शिलेदार तरी. गुत्ता चालवणारा पूर्वज निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. इंग्लंडात मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळी पब चालवणाऱ्या पणजोबांचा माग काढणारी माणसे पुष्कळ आहेत. पब म्हणजे नुसते पिण्याचे ठिकाण नव्हे. खाली दुकान, माडीवर मालकाचे बिऱ्हाड. गावात कोणी संशयास्पद रीतीने मेला तर चौकशीचे पंचही पुष्कळदा तिथेच बसत. डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’मध्ये अशी एक चौकशी भरते, ती गुत्त्यातच.

शोध घेणारा प्रथम जातो खानेसुमारीकडे. १८४१ च्या खानेसुमारीत नावे सापडतात, पण मोठ्या माणसांची वये पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिण्याचा दंडक असल्यामुळे चव्वेचाळीस वर्षांचे पणजोबा चाळिशीचे होऊन बसतात. १८५१ पासून जन्मगाव आणि कुटुंबप्रमुखाशी नाते कळू लागते. मग परवान्यांची दप्तरे. इथे खरी मेख आहे. १८३० च्या कायद्याने कोणाही करदात्याला दोन गिनी भरून अबकारी खात्याकडून बिअर विकण्याचा परवाना मिळू लागला; मॅजिस्ट्रेटच्या दारात जाण्याचे कारण उरले नाही. ही मोकळीक १८६९ पर्यंत टिकली. तेव्हा पणजोबा साधे बिअरवाले असतील, तर मधल्या चाळीस वर्षांच्या मॅजिस्ट्रेटांच्या दप्तरांत त्यांना धुंडाळणे व्यर्थ. शिवाय असा माणूस दिवसा सुतार किंवा लोहारही असे, आणि गणना करणाऱ्याला तोच धंदा सांगे.

आणि पणजीचे काय? १८५१ च्या खानेसुमारीत एक गोष्ट मला फार हृद्य वाटली. तिथे खाणावळवाल्याची बायको, शेतकऱ्याची बायको, खाटकाची बायको हे वेगळे व्यवसाय म्हणून मोजले आहेत. कोणा तरी अंमलदाराला उमगले होते की, या घरांत धंदा दोघांचा असतो. पुढच्या नोंदींत मात्र पत्नीपुढचा रकाना बहुधा कोरा.

हा कोरा रकाना भरायला कादंबरीकार उपयोगी पडतो का? ‘पिकविक’मधला टोनी वेलर बघा. डॉर्किंगचा ‘मार्क्विस ऑफ ग्रॅन्बी’ हा पब मुळात एका विधवेचा. टोनी तिच्याशी लग्न करतो आणि पुढे जगाला विधवांपासून सावध करीत फिरतो. वाचक हसतो, मीही हसलो. पण लग्न होताच बायकोची चीजवस्तू नवऱ्याची होई, हा इंग्लंडचा कायदा १८८२ पर्यंत मुख्यतः टिकला. म्हणजे त्या पबच्या दप्तरात इतकी वर्षे राबणाऱ्या बाईच्या जागी एका गाडीवानाचे नाव चढायचे! डिकन्सला या गोष्टीतला विनोद दिसला. दुसरी बाजू दिसली नाही, किंवा दिसूनही त्याने तिकडे पाठ केली.

पुढे ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मध्ये (१८६४–६५) त्याने ही उणीव बरीच भरून काढली. थेम्सकाठच्या ‘सिक्स जॉली फेलोशिप पोर्टर्स’ची मालकीण मिस अ‍ॅबी पॉटरसन ही अविवाहित, साठी ओलांडलेली, एकटी सर्व कारभार पाहणारी. दांडगे नावाडी तिच्यापुढे शाळकरी पोरांसारखे वागतात. ती सांगेल तेव्हा पेला खाली ठेवून घरी जातात. रायडरहुडसारख्या बदलौकिकाच्या इसमाला ती दारातून परत पाठवते. डिकन्स हा तिच्या करारी स्वभावाचा भाग मानतो. पण परवाना दर वर्षी मॅजिस्ट्रेटकडून नवा करून घ्यावा लागे आणि घराचा लौकिक बिघडला की तो जाण्याची धास्ती असे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या करारीपणाखालची भाकरीची चिंता दिसू लागते. मिस अ‍ॅबी मला त्यामुळे लहान वाटत नाही, जवळची वाटते. उणे एकच. लंडनचे कितीतरी गुत्तेवाले बिअर कंपन्यांच्या कर्जात बुडालेले असत. डिकन्सच्या शेकोटीपाशी त्या कर्जाची सावलीसुद्धा पडत नाही. पणजोबांना त्याच्या शेकोटीपाशी नेऊन बसवणाऱ्या वंशजाने एवढे विसरू नये.

जॉर्ज एलियटची नजर अधिक थंड आहे. ‘सायलस मार्नर’मधल्या (१८६१) ‘रेनबो’चा मालक स्नेल प्रत्येक वादात दोन्ही पक्षांना बरोबर आणि दोन्ही पक्षांना चूक ठरवतो. हा भित्रेपणा नव्हे. वाद घालणारे दोघेही त्याचेच गिऱ्हाईक! चार ओळींत एक अख्खा पेशा तिने उभा केला आहे.

तरीही माझा कौल हार्डीला. रॉलिव्हरच्या गुत्त्याला फक्त बाहेर नेण्यापुरती बिअर विकण्याचा परवाना आहे. आत बसून पिणे बेकायदा. कुंपणाला सहा इंच रुंद, दोन यार्ड लांबीची एक फळी ठोकलेली; परके गिऱ्हाईक रस्त्यात उभे राहून तिच्यावर पेले टेकवतात. गावची मंडळी मात्र माडीवर, मालकिणीच्या निजायच्या खोलीत, पलंगावर आणि पेटीवर दाटीवाटीने बसलेली, खिडकीवर मालकिणीनेच टाकून दिलेली लोकरी शाल. परवान्याच्या दप्तरात रॉलिव्हरसमोर एवढेच असेल की, बाहेर नेण्यापुरता परवाना. शाल कोण लिहिणार?

त्या रात्री डर्बीफील्ड त्याच खोलीत बसून आपल्या सरदार पूर्वजांच्या बढाया मारतो आहे. जिना वाजतो. मिसेस रॉलिव्हर दचकून पुढे होते आणि पाठ केलेला धडा म्हणावा तशी घडाघडा सांगू लागते की, सणानिमित्त माझ्या खर्चाने बोलावलेली ही घरचीच चार माणसे आहेत. आणि वर आलेली बाई डर्बीफील्डचीच बायको आहे, सरकारचा कोणी माणूस नव्हे, असे पाहिल्यावर तिचा जीव भांड्यात पडतो.